पायाचे कौशल्य, परके मैदान

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने जर्मनीस गेले आणि तेथे त्याने कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेचा हा प्रसंग वऱ्हाडात आजही अभिमानाने सांगितला जातो. त्या वेळी खेळच परदेशी गेला होता. खेळाडूंना आपला खेळ बदलावा लागला नव्हता. पुढे १९५२ साली हेलसिंकी येथे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक पटकावले आणि मातीत घडलेला मल्ल गादीवरही जिंकू शकतो, हे सिद्ध केले. तेथेही कुस्ती ती कुस्तीच होती.

याहून अवघड प्रश्न पुढचा आहे. एका खेळात घडलेले शरीर दुसऱ्याच खेळाच्या मैदानावर, तेथील नियमांनुसार आणि जन्मापासून तो खेळ खेळणाऱ्यांच्या बरोबरीने उभे राहू शकते काय? जगात या प्रश्नाची सर्वांत दीर्घ आणि स्पष्ट परीक्षा झाली ती अमेरिकन फुटबॉलमध्ये. सॉकर, रग्बी, ऑस्ट्रेलियन रूल्स आणि गेलिक या फुटबॉल प्रकारांतील किक मारणारे खेळाडू तेथे गेली सहा दशके नशीब अजमावत आहेत. त्यांतील काही थेट कीर्तिमंदिरात पोहोचले, काही एका हंगामातच परतले. या यशापयशामागची कारणे कोणत्याही क्रीडासंस्थेस विचार करावयास लावणारी आहेत.

एकाच खेळातील वेगळा खेळ

अमेरिकन फुटबॉल हा मुख्यतः हातांचा खेळ आहे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावणे किंवा तो फेकून सहकाऱ्याकडे पोहोचविणे आणि १०० यार्ड लांबीच्या मैदानात पुढे सरकत प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम पट्ट्यात शिरणे, हे या खेळाचे सूत्र. पायाचा उपयोग मोजक्या प्रसंगी होतो. परंतु ते प्रसंग बहुधा निर्णायक असतात. जमिनीवर उभ्या धरलेल्या चेंडूला किक मारून तो दोन खांबांमधून आणि आडव्या दांडीवरून धाडल्यास ‘फील्ड गोल’ होतो आणि त्याचे तीन गुण मिळतात. ‘टचडाउन’नंतरच्या अशाच किकला एक गुण असतो. चढाई अडखळली की हातातून सोडलेला चेंडू पायाने शक्य तितका दूर मारून प्रतिस्पर्ध्याला मागे रेटले जाते. त्यास ‘पंट’ म्हणतात.

या कामांसाठी संघात स्वतंत्र खेळाडू असतात. ‘किकर’ फील्ड गोल मारतो, तर ‘पंटर’ पंट मारतो. इतर खेळाडूंची धडकाधडकी चालू असताना हे दोघे बहुतेक वेळ मैदानाबाहेर उभे असतात. बोलावणे आले की आत यायचे, एक किक मारायची आणि परत जायचे. खेळाच्या आत असलेला हा एक छोटा, वेगळा खेळच म्हणावा लागेल. बाहेरच्या खेळाडूला शिरता येईल अशी फट या व्यवस्थेतच आहे.

पंजाकडून पावलाकडे

१९६०च्या दशकापर्यंत अमेरिकन किकर चेंडूच्या सरळ मागून धावत येत आणि बुटाच्या पुढच्या टोकाने चेंडू मारीत. १९६४ मध्ये बफेलो बिल्स संघात पीट गोगोलाक हा तरुण आला. १९५६च्या उठावानंतर त्याच्या कुटुंबाने हंगेरी सोडली होती. त्याचे पाय सॉकरवर पोसलेले होते. तो चेंडूकडे तिरका धावत येई आणि पावलाच्या वरच्या, आतल्या बाजूने किक मारी. प्रारंभी ही पद्धत अनेकांना विचित्र वाटली.

तिचा लाभ मात्र उघड होता. तिरक्या धावेमुळे कंबर आणि मांडी यांचा फिरता जोर पायात उतरतो आणि पावलाचा वेग वाढतो. बुटाच्या टोकापेक्षा पावलाचा रुंद भाग चेंडूला अधिक जागी भिडतो, म्हणून दिशाही अधिक नेमकी राहते. बाहेरून आलेल्या या कौशल्याने मूळ खेळाचीच रीत बदलून टाकली. सरळ धावत येऊन किक मारणारा अखेरचा नामांकित खेळाडू मार्क मोझली १९८६ मध्ये निवृत्त झाला. त्यानंतर ती जुनी पद्धत जवळजवळ इतिहासजमा झाली.

गोगोलाकच्या मागोमाग युरोपातून अनेक जण आले. नॉर्वेचा यान स्टेनेरुड तर स्की-जंपिंगच्या शिष्यवृत्तीवर मोंटाना राज्यात शिकावयास आला होता. लहानपणी सॉकर खेळलेल्या या विद्यार्थ्याची किक तेथील प्रशिक्षकांच्या नजरेस पडली. १९६७ मध्ये तो कॅन्सस सिटी चीफ्स संघात दाखल झाला आणि १९९१ मध्ये कीर्तिमंदिरात स्थान मिळविणारा पहिला निव्वळ किकर ठरला. ऑस्ट्रियाचा टोनी फ्रिट्श याने १९६५ मध्ये वेम्बली येथे इंग्लंडविरुद्ध दोन गोल केले होते. पुढे १९७१ मध्ये तो डॅलस काउबॉइज संघाचा किकर झाला. विद्यार्थी अदलाबदल योजनेतून अमेरिकेत आलेला डेन्मार्कचा मॉर्टन अँडरसन २००७ पर्यंत खेळत राहिला आणि २०१७ मध्ये कीर्तिमंदिरात गेला.

अलीकडचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रँडन ऑब्री याचे. हा अमेरिकन तरुण व्यावसायिक सॉकरमध्ये जम बसविण्याच्या प्रयत्नात होता. ते जमले नाही तेव्हा त्याने सॉफ्टवेअर अभियंत्याची नोकरी धरली आणि २०१९च्या सुमारास किकचा सराव सुरू केला. काही वर्षांच्या मेहनतीनंतर तो दुय्यम लीगमध्ये खेळला आणि २०२३ मध्ये डॅलसच्या संघात आला. कारकिर्दीच्या आरंभीचे सलग ३५ फील्ड गोल यशस्वी करून त्याने विक्रम नोंदविला. नोकरीतून थेट मैदानात उतरलेला तरुण म्हणून त्याची कथा रंगविली जाते. मधली सरावाची वर्षे मात्र अनेकदा विसरली जातात.

ऑस्ट्रेलियाची वाट

फील्ड गोलमध्ये सॉकरची पद्धत रुजली, तर पंटमध्ये ऑस्ट्रेलियाने आपली छाप उमटविली. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये धावता धावता हातातील चेंडू पायावर सोडून सहकाऱ्याकडे धाडणे हे रोजचेच काम. तेथील मुलगा शाळेत असल्यापासून ही किक हजारो वेळा मारतो. मेलबर्न संघाचा माजी खेळाडू डॅरन बेनेट १९९५ पासून सॅन डिएगो चार्जर्सचा पंटर म्हणून खेळू लागला आणि १९९०च्या दशकातील सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात त्याची निवड झाली. जिलाँगचा माजी कर्णधार बेन ग्रॅहम २००५ मध्ये न्यूयॉर्क जेट्समध्ये गेला. २००९ मध्ये ॲरिझोनाकडून सुपर बोल खेळणारा तो पहिला ऑस्ट्रेलियन ठरला.

त्यांच्या यशामागे चेंडूच्या फिरकीचे एक शास्त्र आहे. अमेरिकन पंटर चेंडूला लांबट अक्षाभोवती फिरवतो. असा चेंडू दूर जातो. पण जमिनीवर पडल्यावर कोठे उसळेल याचा भरवसा नसतो. ऑस्ट्रेलियन ‘ड्रॉप पंट’मध्ये चेंडू टोकावर टोक असा उलटा फिरत जातो. तो बहुधा पुढे घरंगळत न जाता जवळच थांबतो किंवा मागे येतो. प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलरेषेजवळ कोंडायचे असेल, तर हा गुण फार मोलाचा ठरतो.

येथे नियमांचाही वाटा आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळात पंट होण्यापूर्वीच सहकाऱ्यांना पुढे धावण्याची मुभा आहे. व्यावसायिक नॅशनल फुटबॉल लीगमध्ये ती फक्त कडेच्या दोघांना असते. म्हणून बाजूला धावत जाऊन किक मारण्याची ऑस्ट्रेलियन रीत महाविद्यालयांत विशेष फलदायी ठरली. महाविद्यालयीन पंटरांसाठी असलेला ‘रे गाय पुरस्कार’ २०१३ ते २०१७ ही सलग पाच वर्षे ऑस्ट्रेलियन खेळाडूंकडे गेला.

ही फळे आपोआप पदरी पडलेली नाहीत. नेथन चॅपमन या माजी खेळाडूने स्वतः अमेरिकेत प्रयत्न करून पाहिला आणि परतल्यावर २००७ मध्ये मेलबर्न येथे ‘प्रोकिक ऑस्ट्रेलिया’ ही प्रशिक्षण संस्था उभारली. तेथे तरुणांना अमेरिकन चेंडू, शिरस्त्राण व खांद्याच्या कवचासह किक मारण्याची सवय आणि नियमांचे ज्ञान दिले जाते, शिवाय अमेरिकन महाविद्यालयांची शिष्यवृत्ती मिळविण्यास साहाय्य केले जाते. व्यावसायिक संघाचे दार न उघडले, तरी विद्यार्थ्याच्या हाती पदवी राहते.

खांब तेच, वेळ वेगळी

रग्बीची गोष्ट वरवर पाहता सर्वांत सोपी वाटते. रग्बीच्या खांबांतील अंतर ५.६ मीटर, अमेरिकन व्यावसायिक खेळातील अंतर १८.५ फूट, म्हणजे जवळजवळ तितकेच. आडवी दांडीही सारख्याच, सुमारे तीन मीटर उंचीवर. चेंडू दोन्हीकडे अंडाकृती. फक्त अमेरिकन चेंडू अधिक सडपातळ आणि टोकदार असतो. स्कॉटलंडचा नामवंत रग्बीपटू गॅव्हिन हेस्टिंग्ज १९९६ मध्ये स्कॉटिश क्लेमोर्स या युरोपीय संघाकडून किकर म्हणून उतरला आणि त्या वर्षी त्याच्या संघाने ‘वर्ल्ड बोल’ जिंकला.

खरा फरक आहे तो वेळेचा. रग्बीत किकर स्वतः चेंडू ठेवतो, मागे जातो, श्वास स्थिर करतो आणि सुमारे मिनिटभराच्या अवधीत किक मारतो. अमेरिकन खेळात चेंडू सात-आठ यार्डांवरून मागे फेकला जातो, गुडघा टेकून बसलेला सहकारी तो झेलून जमिनीवर उभा धरतो आणि या सर्वांसह किक पुरी होण्यास सुमारे १.३ सेकंद मिळतात. त्यास थोडा जरी विलंब झाला, तरी धावून येणारे प्रतिस्पर्धी हात उंचावून चेंडू अडवितात. किकरला आपली धाव सहकाऱ्याच्या हातांवर विसंबून सुरू करावी लागते. चेंडू अजून जमिनीला टेकलेलाही नसतो. एकट्याची वाटणारी ही किक प्रत्यक्षात तिघांची असते आणि त्यांचा मेळ बसण्यास महिनोन्‌महिने लागतात.

आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलमधून आलेला चार्ली स्मिथ याच टप्प्यातून गेला. गोलरक्षक असलेल्या या तरुणाशी न्यू ऑर्लिन्स सेंट्स संघाने २०२४ मध्ये करार केला. त्याच वर्षी ऑगस्टमधील पहिल्याच सराव सामन्यात त्याने ३७ यार्डांचा विजयी फील्ड गोल मारला. तरीही २०२४च्या हंगामात तो राखीव खेळाडूंतच राहिला. एक उत्तम किक आणि संघातील कायमची जागा यांत मोठे अंतर असते, हे त्यावरून दिसून येते.

जागाही मोजक्याच आहेत. लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि प्रत्येक संघात साधारणतः एक किकर व एक पंटर असतो. म्हणजे साऱ्या जगातील इच्छुकांसाठी मिळून चौसष्टच्या आसपास नोकऱ्या. सोलमध्ये जन्मलेला यंग-हो कू बालपणी सॉकर खेळला आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास अमेरिकेत आला. २०१७ मध्ये पहिल्याच हंगामात चार सामन्यांनंतर त्याला संघाने काढून टाकले. दुय्यम लीगमधून परतलेला हाच खेळाडू २०२० मध्ये मानाच्या ‘प्रो बोल’साठी निवडला गेला.

किक अडली तेव्हा

परक्या खेळातून आलेल्या किकरची खरी परीक्षा किक साधली तेव्हा होत नाही. ती होते किक फसली तेव्हा. या संदर्भात अठ्ठेचाळीस वर्षांच्या अंतराने घडलेले दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला प्रसंग जानेवारी १९७३च्या सुपर बोलमधला. सायप्रसमध्ये जन्मलेला गॅरो येप्रेमियन हा मायामी डॉल्फिन्सचा कुशल किकर होता. सामना संपण्यास जेमतेम दोन मिनिटे उरली असताना आणि संघ १४-० असा पुढे असताना त्याचा फील्ड गोल अडविला गेला. चेंडू उसळून त्याच्याकडे आला. चेंडूवर अंग टाकून तो दाबून धरणे एवढेच त्या क्षणी पुरेसे होते. येप्रेमियनने तो फेकण्याचा प्रयत्न केला. चेंडू हातातून निसटला, त्याने तो पुन्हा वर उडविला आणि वॉशिंग्टनच्या माइक बास याने तो पकडून थेट टचडाउन केले. मायामीने सामना १४-७ असा जिंकला, म्हणून ती चूक विनोद म्हणून लक्षात राहिली. सामना गेला असता, तर हंगामभर एकही सामना न हरण्याचा मायामीचा विक्रमही त्याबरोबर गेला असता.

दुसरा प्रसंग ऑक्टोबर २०२१चा. सिडनीचा मायकेल डिक्सन सिएटल सीहॉक्सकडून पंट मारत असताना त्याची किक अडविली गेली. जमिनीवर पडलेला चेंडू त्याने धावत जाऊन उचलला, बाजूला वळला आणि पुन्हा किक मारून ६८ यार्डांची पंट साधली. लहानपणापासून ऑस्ट्रेलियन रूल्समध्ये सैरावैरा उसळणारा चेंडू उचलून धावत किक मारण्याची सवय त्या क्षणी उपयोगी पडली. त्याचबरोबर चेंडू कोठे असताना दुसरी किक मारता येते, याचे भानही आवश्यक होते. टेक्सास विद्यापीठात घालविलेल्या वर्षांनी त्याला हा खेळ आतून शिकविला होता.

येप्रेमियनच्या पायात काहीच उणे नव्हते. उणीव होती ती त्या खेळात वाढल्यामुळे येणाऱ्या सहज प्रतिक्रियेची. कौशल्य एका खेळातून दुसऱ्यात नेता येते. प्रसंगावधान मात्र त्या त्या मैदानावरच कमवावे लागते.

किकर वगळता अन्य जागांचा अनुभव याला पुष्टी देतो. वेल्सचा वेगवान रग्बीपटू लुई रीस-झॅमिट २०२४ मध्ये चेंडू घेऊन धावणारा खेळाडू होण्यासाठी अमेरिकेत गेला. मुख्य संघात स्थान न मिळता २०२५ मध्ये तो रग्बीकडे परतला. ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळलेला धिप्पाड जॉर्डन मैलाटा मात्र फिलाडेल्फिया ईगल्सचा आधारस्तंभ झाला. २०१८ मध्ये निवड झाल्यावर पहिला सामना खेळण्यास त्याला २०२० उजाडले. संघाने दोन वर्षे धीर धरला, म्हणून हे शक्य झाले.

भारताने काय पाहिले

भारतातही असे प्रयोग झाले आहेत. २००८ मधील एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून उत्तर प्रदेशातील रिंकू सिंह व दिनेश पटेल हे भालाफेकपटू बेसबॉलसाठी निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सशी त्यांचे करार झाले. हातातील वेग होता. पण दोघांपैकी कोणीही सर्वोच्च लीगपर्यंत पोहोचू शकला नाही. पुढे २०१२ मध्ये ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ने अमेरिकन फुटबॉलचा भारतीय अवतार उभा केला. तिचा पहिला हंगाम ‘पुणे मराठाज’ संघाने जिंकला. परंतु ती लीग येथे रुजली नाही. शाळा-महाविद्यालयांच्या पातळीवर ज्या खेळाची मुळे नाहीत, त्याचे केवळ शिखर उभारून भागत नाही.

वऱ्हाडातील तरुणाच्या दृष्टीने पाहिले, तर किकची वाट अरुंद आहे. अंडाकृती चेंडूला किक मारण्याची सवय आपल्याकडे बालपणी लागत नाही आणि चौसष्ट जागांसाठी साऱ्या जगाशी स्पर्धा आहे. मात्र दुसरे एक दार उघडले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईत भरले. त्यात २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेटसोबत ‘फ्लॅग फुटबॉल’लाही मान्यता मिळाली. प्रत्येकी पाच खेळाडूंच्या या प्रकारात धडक नाही आणि किक तर मुळीच नाही. कमरेला लावलेली फीत प्रतिस्पर्ध्याने ओढली की चाल थांबते.

कमरेवर झेपावणारा हात चुकविणे, क्षणात दिशा बदलणे, वाकून निसटणे ही कौशल्ये कबड्डीच्या चढाईपटूला आणि खो-खोच्या धावपटूला नव्याने शिकवावी लागत नाहीत. चेंडू अचूक फेकणे, तो धावत झेलणे आणि आखलेल्या चाली पाठ करणे हे मात्र शिकावे लागेल. किकरांच्या साठ वर्षांच्या अनुभवातून निघणारा हिशेब असाच आहे. अंगात असलेले कौशल्य वेगळे काढून ओळखावे, नव्या खेळाची उणीव प्रामाणिकपणे मोजावी आणि ती भरून काढण्यासाठी पुरेशी वर्षे व एखाद्या संस्थेचे पाठबळ द्यावे. मेलबर्नमध्ये हे काम एका प्रशिक्षण संस्थेने केले. शंभर वर्षांहून अधिक काळ शरीरशिक्षणाची परंपरा सांभाळणाऱ्या अमरावतीसारख्या शहराला ते अशक्य वाटण्याचे कारण नाही.